सिंहासन गेल्यानंतरची 28 वर्षं

फोंड्याच्या आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला पाऊस सरला की भरते. गोव्यातल्या मराठी शाळांवर बोलाल का, असं अध्यक्षांनी विचारलं आणि प्राथमिक शाळेत हयात घालवलेली मी लगेच हो म्हटलं. दादा वैद्य आणि त्यांच्या सोबत्यांनी 1911 मध्ये फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ उभं केलं, हे इथे सगळ्यांच्या तोंडी असतं. टिपणं काढायला बसले आणि सनावळीपाशीच थांबले. मंडळ 1911 चं. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं 'भारत' 1912 चं. पिढ्यानपिढ्या दबून राहिलेला समाज दोन-तीन वर्षांत शाळा काढतो, वर्तमानपत्र चालवतो, ते कशाच्या जोरावर?

उत्तर जवळजवळ प्रत्येक पुस्तकात होतं, पण एकाच ओळीत उरकलेलं. 5 ऑक्टोबर 1910 रोजी लिस्बनमध्ये राजेशाही संपली आणि प्रजासत्ताक आलं, त्यामुळे गोव्यातल्या हिंदूंना समान हक्क मिळाले. पुढची ओळ थेट दुसऱ्या विषयावर. आम्ही मुलांकडून 18 जून 1946, म्हणजे मडगावची लोहियांची सभा, पाठ करून घेतला, 19 डिसेंबर 1961, म्हणजे गोवामुक्ती, पाठ करून घेतला. ही तारीख कधी फळ्यावर लिहिली नव्हती. राजा जावा म्हणून गोव्यात कोणी झटलं असेल, असा विचारही आमच्यापैकी कोणाच्या मनात आला नव्हता. शोधताना नाव पुढे आलं ते पत्रकार लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांचं. मी अध्यक्षांना फोन करून विषय बदलून मागितला.

त्यांच्या नावाची वास्तू आम्हां सगळ्यांच्या पायाखालची आहे. पणजीला आझाद मैदानाजवळची ती इमारत. आत शिरलं की भिंतीवर निळ्या फरशांची चित्रं, वास्को द गामाच्या सफरीतले प्रसंग. संस्थेची स्थापना 1871 ची. तेव्हा तिला वास्को द गामाचंच नाव होतं. गोवा मुक्त झाल्यावर 1963 मध्ये ते बदलून मेनेझिस ब्रागांझांचं दिलं. तिथे कविसंमेलनं ऐकली, पुस्तकप्रकाशनं पाहिली, पण ज्याच्या नावाखाली बसतो तो माणूस कोण, हे आमच्यापैकी फार थोड्यांना सांगता आलं असतं.

आधी राजेशाही म्हणजे गोव्याला नेमकं काय होतं, ते समजून घ्यावं लागलं. 1826 च्या पोर्तुगीज सनदेत कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म होता. बाकीचे धर्म पाळायची मुभा फक्त परकीयांना, तीही घराच्या आत, आणि त्या घराला बाहेरून देवळाचं रूप असता कामा नये, अशी अट. आमच्या फोंडा महालात तर मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा अशी मोठमोठी देवस्थानं उभी होती. ती उभी होती कारण अठराव्या शतकात नव्या काबिजादी, म्हणजे हा नंतर जिंकलेला मुलूख, ताब्यात घेताना पोर्तुगिजांनी इथल्या लोकांना तशी वचनं दिली होती. म्हणजे देव होता, देऊळ होतं, उत्सव होता, पण सगळं राजाच्या मर्जीवर. हे वाक्य मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली, कारण व्याख्यानाचा कणा मला तिथेच सापडला. राजा चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. कृपा म्हणून मिळतं ते कृपा फिरली की जातं, म्हणून ते हक्क म्हणून मिळायला हवं, एवढंच प्रजासत्ताकवाल्यांचं म्हणणं होतं. 1911 च्या राज्यघटनेने ते कागदावर आणलं. जन्माने मिळणारा अधिकार मानणार नाही, सरदारकीच्या पदव्या रद्द, सर्व धर्मांना समान स्थान. त्याआधी 20 एप्रिल 1911 च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळं झालं होतं.

मराठीत ब्रागांझांवर जे मिळालं ते चार दिवसांत वाचून संपलं. इंग्रजीत थोडं अधिक होतं. पण त्यांचं स्वतःचं लिखाण पोर्तुगीजमध्ये, आणि त्याशिवाय उभं राहून बोलायचं माझ्या मनाला पटेना. पणजीत संध्याकाळचे वर्ग असतात, तिथे नाव घातलं. वर्गात पोर्तुगालला जायच्या तयारीतली तरुण मुलं आणि मी. क्रियापदांनी घाम काढला. तरी कोंकणी बोलणाऱ्याला ही भाषा अगदी परकी नाही; मेज, जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची) आमच्या घरातच आहेत. मडगावला एक वयस्क सर भेटले, जुन्या काळी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावापर्यंत, म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकलेले. वाक्य अडलं की त्यांच्याकडे जायचं. "बाय, आदीं क्रियापद सोद, मागीर भोंव," म्हणायचे. आधी क्रियापद शोध, मग हिंड. त्या काळची वाक्यं अर्धा रकाना भरून चालतात, आणि ही एकच सूचना मला शेवटपर्यंत पुरली.

जुन्या अंकांसाठी पाट्टोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जायला लागले. हे ग्रंथालय 1832 पासूनचं. वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मागणीचा कागद भरून दिल्यावर टेबलावर येतात. कागद तपकिरी, कडा चहात बुडवलेल्या खाऱ्या बिस्किटासारख्या सुटणाऱ्या. तिथल्या बाई समोर खंड ठेवून म्हणाल्या, "बाई, पानां सवकास परतायात." मी एका हाताने खालून आधार देत, दुसऱ्याने वरचा कोपरा उचलत पान उलटायला शिकले. शब्दकोश शेजारी असूनही निम्मे शब्द त्यात नव्हते. मग सरांनी उलगडा केला: प्रजासत्ताकाने 1911 मध्ये पोर्तुगीजचं शुद्धलेखनही बदललं. त्याआधीच्या अंकांत 'फ' साठी पी-एच, 'मोनार्किया'त सी-एच. तेव्हापासून अडलेला शब्द मी आधी नव्या वेषात घालायची आणि मग कोशात शोधायची. नव्या सरकारने शाळेतल्या मुलाच्या पाटीपर्यंत हात घातला होता, हे असं नकळत हाताशी आलं.

आता माणसाबद्दल. जन्म 1878 मधला, चांदरचा. घर बड्या भाटकारांचं, म्हणजे जमीनदारांचं. शिक्षण राशोलच्या सेमिनारीत आणि पणजीच्या लिसेव या पोर्तुगीज माध्यमिक शाळेत. 'ओ हेराल्डो' हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक मेसियस गोमीश यांनी 1900 साली काढलं, त्या कामात ते बरोबर होते. बाविशी गाठलेला तरुण. तो काळ पोर्तुगालच्या गादीला हादरे बसण्याचा होता. 1890 मध्ये ब्रिटनने आफ्रिकेतल्या मुलखावरून निर्वाणीचा इशारा दिला आणि राजाने माघार घेतली. ती नामुष्की लोक विसरले नाहीत. पुढच्या वर्षी पोर्तोमध्ये प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला, तो चिरडला गेला. 1 फेब्रुवारी 1908 रोजी लिस्बनमध्ये राजा कार्लूश आणि युवराज लुईस फिलीप यांना भर चौकात गोळ्या घातल्या. अठरा वर्षांचा मॅन्युएल गादीवर आला आणि अडीच-पावणेतीन वर्षांत त्याला देश सोडावा लागला. तो इंग्लंडमध्ये राहिला आणि 1932 मध्ये तिथेच वारला.

त्या राजघराण्याचं नाव ब्रागांझा. चांदरच्या या माणसाचंही तेच आडनाव. गोव्यात धर्मांतराबरोबर अशी पोर्तुगीज आडनावं घराघरांत आली, नातं काही नाही. पण व्याख्यानात हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, श्रोते लगेच विचारतात. म्हणून मी ते सुरुवातीलाच सांगून मोकळी होते.

गोव्यातून राजाविरुद्ध लिहिणं म्हणजे बॉम्ब टाकणं नव्हे, मोर्चा काढणंही नव्हे. हे काम लेखणीचं होतं आणि म्हणूनच ते दिसत नाही. सकाळी दैनिक निघतं, दुपारी त्यात मासे बांधले जातात. रोज तेच म्हणणं नव्या निमित्ताने मांडायचं: मतदान, न्यायालय, शाळा, चर्चचा सरकारातला हात. राजाचा भाऊ आफोंसो 1895 च्या सत्तरीतल्या राण्यांच्या बंडावेळी फौज घेऊन गोव्यात उतरला होता. म्हणजे सिंहासन इथल्या लोकांनी फक्त नाण्यावर पाहिलं नव्हतं, बंदुकीसकट पाहिलं होतं. अशा ठिकाणी एका जमीनदार कॅथलिक घरातल्या मुलाने आपल्याच वर्गाला आणि आपल्याच चर्चला नाराज करणारी बाजू घ्यावी, याचं मोल मला अंक चाळताना कळत गेलं. त्याला त्यातून मिळण्यासारखं काही नव्हतं. मिळालं ते आम्हाला.

ग्रंथालयातून निघाल्यावर मी फोंतेन्यशमधून चालत बसस्टँड गाठायची. तिथला 31 जानेवारी रस्ता सगळ्या पर्यटकांना ठाऊक. जुनी बेकरी, रंगीत घरं, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. एकदा एक गाईड सांगत होता की ही पोर्तुगालची स्पेनपासून स्वातंत्र्य मिळाल्याची तारीख. पण ते स्वातंत्र्य 1 डिसेंबर 1640 चं. 31 जानेवारी म्हणजे 1891 चा पोर्तोचा उठाव, राजाविरुद्धचा पहिला, फसलेला. प्रजासत्ताक आल्यावर पोर्तुगालमध्ये गावोगावच्या रस्त्यांना ही तारीख दिली गेली. आमच्या पणजीच्या पाटीवर ती अजून आहे आणि आम्ही तिच्याखालून पाव घेऊन जातो. मी गाईडला थांबवून सांगितलं. त्याने वहीत टिपून घेतलं, ते मला फार बरं वाटलं.

चांदरला जायचं म्हणजे फोंड्याहून मडगाव आणि मडगावहून दुसरी बस. हे गाव म्हणजे जुनं चंद्रपूर. भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी इथे होती. चर्चसमोरच्या चौकात ब्रागांझांचं लांबच लांब घर आहे, ओळीने उंच खिडक्यांचं. आत ग्रंथसंग्रह आहे, गोव्यातल्या खासगी संग्रहांत मोठा म्हणून नावाजलेला. काचेच्या दारांमागे चामडी बांधणीची पुस्तकं. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. वाचणाऱ्या माणसाचं घर वेगळं असतं, ते लपत नाही. झुंबरं आणि चिनी मातीची भांडी इतर जण पाहत होते. मला मात्र त्या घराच्या लांबीचा हिशेब डोक्यातून जाईना. एवढं घर मुंडकारांच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहून राबणाऱ्या कुळांच्या, घामाशिवाय उभं राहत नाही. हे व्याख्यानात झाकायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

लिहायला बसले तेव्हा खरी अडचण आली. कथा कुठे संपवायची? राजा गेला, हिरवा-लाल झेंडा लागला, शाळा निघाल्या, टाळ्या. सगळे जण तिथेच संपवतात. माझ्या वहीत मात्र 1910 नंतरची पानं आधीच्या पानांपेक्षा जाड झाली होती. 1911 मध्ये ब्रागांझांनी 'ओ देबात' सुरू केलं. म्हणजे ज्याच्यासाठी लिहीत होते ते मिळाल्यावर त्यांनी नवं पत्र काढलं! राजा हटवणारा माणूस राजा हटल्यावर काय करतो, हे मला या एका गोष्टीने शिकवलं. आता हक्क मागायचे नव्हते, कागदावर आलेले हक्क गोव्यात खरे करून घ्यायचे होते. कोसेयरू द कॉश्त हे प्रजासत्ताकाचे पहिले गव्हर्नर, त्यांच्या काळात हिंदूंना सरकारदरबारी वाव मिळू लागला. मराठी शाळांना मोकळा श्वास मिळाला. आमच्या अंत्रुजातल्या, म्हणजे फोंडा महालातल्या, माणसांनी त्या संधीचं सोनं केलं, आणि ते सोनं त्यांच्याच कष्टाचं होतं. दार उघडलं म्हणून कोणी आपोआप आत जात नाही.

पण प्रजासत्ताक पोर्तुगालमध्येच धड उभं राहिलं नाही. 16 वर्षांत 45 सरकारं झाली. राजेशाहीवाल्यांनी पुन्हा पुन्हा उचल खाल्ली. 1919 मध्ये पोर्तोत काही आठवडे राजाच्या नावाने सरकारही बसवलं. 28 मे 1926 च्या लष्करी उठावाने ते प्रजासत्ताक संपवलं आणि 1928 पासून सालाझारचा काळ आला. राजा परत आला नाही, राजापेक्षा कडक माणूस आला. वर्तमानपत्रांवर आधी तपासणी, मग छपाई. गोव्यात पुढे लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवायची पाळी आली, हे आमच्या आधीच्या पिढीने भोगलेलं आहे.

पन्नाशीला आलेल्या ब्रागांझांनी 1928 मध्ये आणखी एक पत्र काढलं. पत्र पोर्तुगीज, पण नाव आपलं: 'प्रकाश'. त्याच वर्षी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली, त्यांचा जन्मही चांदरचाच. 1930 मध्ये सालाझारने वसाहतींचा कायदा आणला. वसाहती बाळगणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हा पोर्तुगीज राष्ट्राचा मूळ पिंडच आहे, असं त्यात लिहिलं होतं. जुलै महिन्यात गोव्याच्या सरकारी मंडळात ब्रागांझा उभे राहिले आणि त्यांनी ठराव मांडला. आपलं भवितव्य आपण घडवण्याचा हक्क हा सगळ्या लोकांप्रमाणे आमचाही जन्मजात आहे, तो आमच्या पिंडात आहे आणि तो आम्ही सोडलेला नाही, असा त्याचा आशय. सालाझारचाच शब्द त्यांनी उचलला आणि त्याच्याच कायद्यासमोर ठेवला. मूळ पोर्तुगीज वाक्य मी सरांसमोर मोठ्याने वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि संपल्यावर परत वाच म्हणाले.

राजाच्या कृपेविरुद्ध जो युक्तिवाद विशीत केला, तोच बावन्नाव्या वर्षी हुकूमशहाच्या कायद्याविरुद्ध. मधल्या काळात त्यांची बाजू बदलली नाही, समोरचा बदलला. म्हणून मी कथा 10 जुलै 1938 पर्यंत नेली, त्यांच्या मृत्यूपर्यंत. व्याख्यानाचा मोठा भाग 1910 नंतरच्या 28 वर्षांना दिला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, लोकांना राजाची गोष्ट आवडेल, ती वाढवा." मी नम्रपणे नकार दिला. सिंहासन पाडणं एक-दोन दिवसांचं काम ठरू शकतं, तसं लिस्बनमध्ये झालंही. त्याच्या जागी दुसरं कोणी बसू नये म्हणून जे जागत बसतात त्यांच्याकडे आम्ही बघतच नाही, आणि हेच मला फोंड्याच्या लोकांना सांगायचं होतं.

वाचनालयाचं सभागृह भरलं. पुढच्या रांगेत बसलेले एक वृद्ध स्वातंत्र्यसैनिक व्याख्यान संपताच उठले. "राजा गेला, पण पाखलो राहिलोच न्हय? मग आमका किदें मेळ्ळें?" पाखलो म्हणजे गोरा पोर्तुगीज; तो राहिलाच, मग आम्हाला काय मिळालं? प्रश्न रास्त होता. प्रजासत्ताकाच्या काळातही 1912 मध्ये राण्यांना शस्त्रं उचलावी लागली आणि ती मोडून काढली ती प्रजासत्ताकाच्याच फौजेने. मी त्यांना म्हटलं, काका, स्वातंत्र्य मिळालं नाही हे खरंच. पण ज्या शाळेत तुमचे वडील मराठी शिकले, ती शाळा काढायला 1911 साली कोणी अडवलं नाही. त्या शाळांतून वाचायला शिकलेली पिढी 1946 ला मडगावच्या मैदानात उभी होती. ते थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "तें मानलें."

मागून एका कॉलेजातल्या मुलाने विचारलं, "पण तो भाटकार ना? आमचे आजे त्यांच्यासारख्यांच्याच भाटात राबले." मी हो म्हटलं. मुंडकारांना घराच्या जागेचे हक्क मिळायला गोवा मुक्त व्हावा लागला. कायदे त्यानंतरचे आहेत. जन्माचा अधिकार नको म्हणणाऱ्या माणसाच्या जमिनीपर्यंत तो विचार पोचला नव्हता, हे त्याचं बोलणं खोडण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. त्याला मी विनंती केली की हेच लिहून आण, आपण वाचनालयाच्या अंकात छापू. त्याने आणलं. चांगलं लिहिलं आहे, रागाने आणि अभ्यासाने.

आता सातवी-आठवीच्या मुलांसाठी ब्रागांझांचं छोटं मराठी चरित्र लिहिते आहे. 1930 च्या ठरावाचं भाषांतर सरांनी तपासून दिलं, 'ओ देबात'मधल्या निवडक उताऱ्यांचं काम चालू आहे. वाचनालयाने पुढच्या व्याख्यानासाठी हेगडे देसाईंचं 'भारत' हा विषय दिला आहे. त्याचे खंड कुठे कुठे शिल्लक आहेत याची यादी करायला घेतली आहे. कोणाच्या घरी माळ्यावर जुने अंक असतील तर वाचनालयात कळवावं, ते मी तिथेच बसून उतरवून घेईन.